इंजिन चौथऱ्यावर, थांबा वेळापत्रकाबाहेर

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे एक सोहळा ठरून गेला आहे. अरुंद रुळांचा एखादा मार्ग बंद व्हायचा असतो. शेवटच्या फेरीला गावोगावची माणसे हार-नारळ घेऊन फलाटावर जमतात, इंजिनावर झेंडूच्या माळा पडतात, चालकाला शाल-श्रीफळ मिळते आणि म्हातारी माणसे डोळे पुसतात. पुढे कधीतरी त्याच जातीचे एखादे इंजिन काळ्या-लाल रंगाने चकचकीत करून स्थानकाबाहेरच्या चौथऱ्यावर चढवले जाते, त्याच्याभोवती साखळी लागते, रात्री दिवे लागतात. मग लेख येतात, आणि त्यांत धूर, शिट्टी, झुकझुक, खिडकीतून मागे पळणारी झाडे हे सगळे असते. असे दोन-तीन लेख मीही लिहिलेले आहेत, त्यामुळे दोष देताना मी स्वतःला वगळत नाही. परंतु अलीकडे मला असे वाटू लागले आहे की या सगळ्या हळहळीत आपण भलत्याच वस्तूसाठी रडत आहोत. इंजिन जायलाच हवे होते. आपला खरा तोटा झाला तो थांब्यांचा, आणि थांबा जाताना हार घेऊन कोणी आले नव्हते, कारण तो वेळापत्रकाच्या एका ओळीतून निमूटपणे खोडला गेला.

माझे लहानपण कुर्डुवाडीच्या अवतीभवती गेले. मामा तिथल्या रेल्वे कारखान्यात होते, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कारखान्याच्या भोंग्यावर उठणे आणि संध्याकाळी पुलावर उभे राहून गाड्या मोजणे. मुंबई-मद्रास मार्गावरची मोठी गाडी आणि बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची, अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी एकाच स्थानकात उभ्या राहत, तेव्हा घरच्या लग्नात शहरातला काका आणि गावाकडचा चुलता शेजारी बसल्यासारखे वाटे. आम्ही मुले मोठ्या गाडीला मान द्यायचो आणि प्रेम लाइटवर करायचो. तिच्या वेगावरून सांगितला जाणारा विनोद, म्हणजे पुढच्या डब्यातून उतरावे, बोरे तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावे, हा देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात. आम्हाला मात्र तो आमचाच वाटे.

ही लाइट हिणवण्याजोगी गाडी मुळीच नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली, तेव्हा प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे साधे गणित त्याने इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळीकडे लावले. त्यामुळे हलक्या रुळांवरून आणि कमी खर्चात भरपूर माल वाहता येऊ लागला. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा टप्पा सुरू झाला. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला आणि एकूण लांबी दोनशे मैलांवर गेली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. विठोबाचे वारकरी, बार्शी-लातूरची डाळ आणि गूळ, मिरजेच्या दवाखान्यांकडे निघालेले रुग्ण, या तिघांना एका रुळावर आणणारी दुसरी सोय त्या काळी या भागात नव्हती.

आता या आठवणीची दुसरी बाजू, जी आमच्या लेखांत येत नाही. कुर्डुवाडीला अडीच फुटी रूळ संपत आणि साडेपाच फुटी रूळ सुरू होत, म्हणून लाइटने आलेले प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरून मोठ्या गाडीत जाई. माल बदलायच्या त्या शेडमध्ये मी मामांचा डबा घेऊन जाताना तासन् तास रेंगाळलो आहे. हमाल हातातला लोखंडी आकडा पोत्यात रुतवी, पाठ वाकवी, दुसरा ते पोते त्याच्या पाठीवर लोटी, आणि तो फळीवरून तोल सांभाळत समोरच्या डब्यात शिरे. परत येताना कपाळावरचा घाम आणि गुळाचा चिकटा एकाच फडक्याने पुसे. दिवसभरात अशा किती खेपा होत याचा हिशेब त्यांच्यापैकी एकाच्या बोटांवर असे आणि मुकादमाच्या वहीत तो नेहमी थोडा कमी भरे. दोन रुळांच्या रुंदीतला तीन फुटांचा फरक या माणसांच्या मणक्यांनी भरून काढला. मी पुलावरून गाड्या मोजत होतो, कारण पोती मला मोजायची नव्हती.

शेजारी एक फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, राहत. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. निवृत्तीनंतर चौथऱ्यावरच्या इंजिनाच्या कार्यक्रमाला त्यांना सन्मानाने बोलावले, तेव्हा ते गेले नाहीत. मामांनी कारण विचारले, तर म्हणाले, “मला तिनं तीस वर्षं भाजलं. हार तुम्ही घाला.”

आणि त्याहून जुनी एक साक्ष आहे, जी सातारा-कराड भागातल्या प्रत्येक रेल्वेप्रेमीने लक्षात ठेवावी. १९०१ मध्ये भीमराव आंबेडकर हा लहान मुलगा भाऊ आणि भाचरांबरोबर पाडळी स्थानकावर गाडीत बसला आणि मसूरला उतरला. वडिलांकडे सुट्टीला निघालेली ही मुले नवे कपडे घालून मोठ्या हौसेने निघाली होती. त्यांचा तो पहिलाच आगगाडीचा प्रवास. मसूरला न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरांनी चौकशी केली, आणि मुले महार असल्याचे कळताच ते आपल्या खोलीत निघून गेले. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना; अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर गाडी मिळाली, आणि वाटेत रात्रभर पाणी मिळाले नाही. खिडकीतून मागे पळणारी झाडे त्या मुलांनीही पाहिली असणारच. स्वातंत्र्याआधी फलाटांवर हिंदूंचे पाणी आणि मुसलमानांचे पाणी निरनिराळ्या हंड्यांत असे, हेही त्याच रम्य काळातले. म्हणून ‘जुनी रेल्वे सगळ्यांची होती’ असे कोणी सरसकट म्हणू लागले की मला त्याला मसूरच्या फलाटावर नेऊन उभे करावेसे वाटते.

गेज, म्हणजे रुळांची रुंदी, बदलण्याला माझा विरोध का नाही, हे यावरून कळेल. एकच रुंदी सगळीकडे करण्याचे धोरण रेल्वेने १९९२ मध्ये हाती घेतले, आणि बार्शी लाइटचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. त्या वेळी लातूरकडचा मार्ग वळवून धाराशिव शहरातून नेण्यात आला. तोपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या या शहराला गाडीच नव्हती. जुनी लाइट त्याला बाजूला ठेवून येडशीवरून निघून जात असे. आठवणींच्या लेखांत येडशीचा डोंगर येतो, धाराशिवकरांनी शंभर वर्षे पाहिलेली वाट येत नाही. पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून टाक्यांची गाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. ज्या गावांना कॅलथ्रॉपच्या रुळांनी जोडले होते, त्याच गावांना जोडणाऱ्या रुंद रुळांवरून हे पाणी आले. लाइट जशीच्या तशी जपून ठेवली असती, तर लातूरकरांनी तिच्याकडे पाहून घोटभरही पाणी प्यायले नसते.

लाकडी बाकांसाठी कोणी हळहळत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता गेला, बाके राहिली. त्यांवर दोन इंचांची गादी आली ती १९७७ नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. आरामाच्या बाबतीत आपली स्मृती शहाणी आहे. जे वाईट होते ते जाऊ देते. मग ती शिट्टीला का चिकटून राहते? मला वाटते, शिट्टीने आपल्याला ‘गाडी येते आहे’ असे सांगितले म्हणून. आठवणीतला आनंद आवाजाचा वाटतो, पण तो येण्याचा असतो. गाडी आपल्या गावात येऊन उभी राहण्याचा असतो. 

आमच्या आजोळच्या गावाला धड स्थानक नव्हते. एक पिवळी पाटी, लिंबाचे झाड, पत्र्याची चौकी आणि मुरमाचा उंचवटा, इतकाच थांबा. सकाळच्या गाडीला तिथे रोज तीच माणसे असत: तालुक्याच्या शाळेत जाणारी सात-आठ पोरे, दुधाच्या किटल्या घेतलेला एक गवळी, कोर्टाची तारीख असलेला कोणीतरी, बाळंतपणाला माहेरी निघालेली एखादी सून आणि तिची सासू. बाजाराच्या दिवशी टोपल्या वाढत. माझी आजी वेळेवर पोहोचणे हा स्वतःचा अपमान समजत असावी. गाडी उभी राहिली की मग ती बांधावरून निघे. गार्ड हिरवा झेंडा काखेत धरून तिच्याकडे पाहत उभा राही आणि ओरडे, “म्हातारे, ये निवांत, तुझ्याबिगर गाडी जात न्हाई!” आणि खरोखरच जात नसे. जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट आजी चोळीत ठेवी आणि उतरल्यावर ते परत द्यावे लागे याचे तिला अखेरपर्यंत वाईट वाटे. त्या तिकिटासाठी महिनोन् महिने आधी ठरवावे लागत नव्हते, ओळखपत्र लागत नव्हते, नावही लागत नव्हते. चार आणे आणि एक बोट वर, म्हणजे ‘एक द्या’, एवढे पुरत होते.

इथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे होईल. ती गाडी इतक्या ठिकाणी थांबे यामागे रेल्वेचा कनवाळूपणाच होता असे नाही. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, राख झाडावी लागे. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत थांबून राहावे लागे. पुष्कळदा गाडी इंजिनाच्या तहानेसाठी थांबत होती आणि आमची आजी तेवढ्यात चढून घेत होती. पण असे असले तरी त्या थांब्यांवर गावांचे वेळापत्रक बसले, शाळांची घंटा बसली, बाजाराचा दिवस बसला. आणि याच कबुलीतून माझा मुख्य मुद्दा निघतो. वाफेच्या इंजिनाला थांबणे महाग पडे. थांबलेली जड गाडी पुन्हा वेगात आणायला कोळसा लागे, वेळ लागे, फायरमनचे हात भाजत. आज राज्यातील बहुतेक ब्रॉडगेज मार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत. मुंबईच्या लोकलसारख्या, निरनिराळ्या डब्यांखाली मोटारी असलेल्या मेमू गाड्या झपाट्याने वेग घेतात आणि झपाट्याने थांबतात. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने थांबणे जितके स्वस्त आज आहे तितके ते रेल्वेच्या इतिहासात कधीच नव्हते, आणि नेमक्या याच काळात आपण थांबे काढून टाकत आहोत. ज्या नव्या यंत्रावर आठवणींचे लेखक नाके मुरडतात, तेच त्यांच्या गावचा थांबा परत आणू शकते. आणि ज्या इंजिनासाठी ते गळा काढतात, ते आणू शकत नाही.

इंजिनाभोवती फिरणाऱ्या आठवणीने प्रत्यक्ष नुकसान कसे होते, याचे उदाहरण विदर्भात आहे. शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला जाणारी, सुमारे एकशे नव्वद किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणून सोडण्यासाठी काढली गेली. तिथून तो मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत जाई. किलिक निक्सन या व्यापारी पेढीने काढलेल्या कंपनीची ती मालमत्ता राहिली, सरकारी रेल्वे ती चालवी आणि कंपनीला त्याचा मोबदला देई. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर थेट १९९४ पर्यंत धावत होते. हे सारे इतके चमकदार होते की शकुंतलेवरचा प्रत्येक लेख, प्रत्येक बातमी, प्रत्येक दूरचित्रवाणीवरची फीत याच दोन गोष्टींवर फिरत राहिली: इंग्रज कंपनीला अजूनही भाडे जाते, आणि ते सत्तरी ओलांडलेले इंजिन. पहिल्या गोष्टीने लोक संतापत, दुसरीने हळवे होत. गाडी दिवसातून कितीदा जाते, ती कोणत्या वेळेला गेली तर शाळेच्या आणि दवाखान्याच्या उपयोगी पडेल, रुळांखालचे कुजलेले स्लीपर बदलायला काय लागेल, हे प्रश्न त्या संतापात आणि हळवेपणात बाजूला पडले. वेग कमी कमी होत गेला, फेऱ्या कमी होत गेल्या आणि अखेर गाडी थांबली. एसटीच्या मानाने तिचे तिकीट फारच स्वस्त होते. ज्यांना तो फरक जाणवत होता ती माणसे आठवणींचे लेख लिहीत नाहीत. स्थानिक लोकांनी तिच्यासाठी आंदोलने केली, अजूनही करतात, आणि त्यांच्या मागणीत इंजिन कुठेच नसते. त्यांना रुंद रूळ आणि चालू गाडी हवी आहे. शहरातला रेल्वेप्रेमी ‘वारसा’ म्हणतो आणि वऱ्हाडातला शेतमजूर ‘गाडी’ म्हणतो. निर्णय घेणाऱ्याला या दोन शब्दांतले पहिले ऐकू येणे फार सोयीचे असते, कारण वारशाला एक फलक आणि एक चौथरा पुरतो. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-जामनेर या छप्पन्न किलोमीटरच्या गाडीचेही, जिला तिकडे सगळे ‘पीजे’ म्हणत, कोरोनाच्या टाळेबंदीत चाक थांबले ते रूळ रुंद करण्याच्या कामाची वाट पाहत. तिथेही खरा प्रश्न हाच आहे की रुंद रुळांवर येणारी गाडी जुन्या थांब्यांवर उभी राहणार की नाही.

टाळेबंदीचा उल्लेख आलाच आहे, तर त्या काळात जे घडले ते पुरते नोंदवले पाहिजे. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पुष्कळशा पॅसेंजर ‘विशेष’ किंवा ‘एक्स्प्रेस’ होऊन परतल्या. डबे तेच, चालण्याची गत तीच. क्रमांकापुढे शून्य लागले आणि किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपये झाले. अनेक लहान थांबे या निमित्ताने गळले. तीन वर्षांहून अधिक काळ हे चालले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडे पुन्हा दहावर आले. रोज दोन स्थानके ओलांडून मजुरीला जाणाऱ्या बाईला जाऊन-येऊन वीसऐवजी साठ रुपये पडत होते, म्हणजे महिन्याच्या पंचवीस दिवसांना हजार रुपये जास्त. या तीन वर्षांत रेल्वेच्या आठवणींवर मी वाचलेल्या लेखांची संख्या कमी नव्हती. दहाचे तीस झाल्याचा उल्लेख मला त्यांपैकी एकाही लेखात आढळला नाही, आणि माझ्या स्वतःच्या लेखातही तो नव्हता.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप एसटीचा. गावात दर तासाला एसटी येत असेल, दारात सहा आसनी रिक्षा उभी असेल, तर दोन मैलांवरच्या रुळांकडे चालत कोण जाईल? हे खरे आहे, आणि जिथे ते खरे आहे तिथे थांबा मागणे हा हट्ट आहे. जुन्या नकाशावरची प्रत्येक पाटी परत लावा, असे मी म्हणत नाही. परंतु एसटीच्या फेऱ्या ग्रामीण भागात सगळीकडे तासातासाला आहेत हे चित्र कागदावरचे आहे. रात्री गावात मुक्कामाला येणारी एसटी बंद झाली म्हणून ज्या मुलींची अकरावी-बारावी अडली त्यांच्या घरी ते पटणार नाही. 

दुसरा आक्षेप रेल्वे चालवणाऱ्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. गजबजलेल्या मुख्य मार्गावर प्रत्येक ठिकाणी थांबणारी एक गाडी दोन-तीन वेगवान गाड्यांची जागा खाते. मालगाड्यांवर रेल्वेचे पोट चालते आणि प्रवासी वाहतूक तोट्यात. मुंबई-सोलापूरसारख्या मार्गावर हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर किंवा तशाच शाखा मार्गांवर दिवसाकाठी मोजक्याच गाड्या जातात. तिथे रूळ तासन् तास मोकळे पडलेले असतात. हे मार्ग रुंद करण्यावर सार्वजनिक पैसा आधीच खर्च झाला आहे. त्यावर दिवसाला दोन-तीन मेमू फेऱ्या चालवण्याचा वाढीव खर्च, त्या मूळ खर्चाच्या मानाने, तक्रार करण्याइतका मोठा असणार नाही. शिवाय थांबा म्हणजे स्थानक नव्हे. आमच्या आजोळच्या पाटीजवळ स्टेशन मास्तर कधीच नव्हता. आजही रेल्वे अशा हॉल्टवर गावातल्याच माणसाला कमिशनवर तिकिटे विकायला नेमते. त्याला पगार नाही, पेन्शन नाही, जास्तीचा रूळ नाही, सिग्नल नाही. एक फलाट, एक पाटी, एक शेड आणि वेळापत्रकातला एक मिनिट, एवढी ही मागणी आहे.

मग वारसा जपूच नये का? जपावा. नागपूरच्या मोतीबागेत अरुंद रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय आहे, ते पाहण्यासारखे आहे, आणि कारखान्यात हात काळे केलेल्या माणसांच्या नातवंडांना ते दाखवलेच पाहिजे. पण वारसा जिवंत कसा राहतो हे शिकायचे तर माथेरानला जावे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून काढलेली नेरळ-माथेरान ही दोन फुटी गाडी १९०७ पासून डोंगर चढते आहे. २००५ च्या पावसाने रूळ वाहून गेले, दोन वर्षे गाडी बंद होती; २०१९ मध्ये पुन्हा तेच झाले आणि नेरळहून माथेरानपर्यंतची पूर्ण फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली. दरवेळी ती उठून उभी राहिली यामागे पर्यटकांची हौस आहेच. पण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि मोटारी जिथे थांबतात तिथून गावात जायला अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल लागते, हेही आहे. तिच्यातून हौशी माणसे जातात तशी कामाला जाणारी, सामान नेणारी, दवाखान्यातून परतणारी माणसेही जातात. ज्या गाडीची कोणाला तरी उद्या सकाळी गरज आहे, ती गाडी आठवणीच्या जिवावर तगून राहत नाही. तिला आवाज उठवणारे लोक असतात.

याउलट चौथऱ्यावरच्या इंजिनाला कोणाचीच गरज भागवायची नसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका इंजिनापाशी मी नातवाला घेऊन गेलो होतो. फलकावर ते कुठे आणि कधी बनले, त्याचे वजन किती, ते किती वर्षे चालले हे सगळे नीट लिहिले होते. नातू पाच मिनिटे त्यावर चढला-उतरला आणि मग विचारता झाला, “आजोबा, हे कुठं-कुठं जायचं?” फलकावर ते नव्हते. तिथल्या एका अधिकाऱ्यांना मी सुचवून पाहिले की खाली बरीच जागा आहे, तेव्हा जुन्या पॅसेंजरचे सगळे थांबे आणि वेळा तेवढ्या लिहाव्यात. ते सौजन्याने हसले आणि म्हणाले, “साहेब, आता त्या गाड्याच नाहीत, वेळा लिहून काय करणार?”

मामांच्या ट्रंकेत त्या काळातले एक वेळापत्रक निघाले आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण थांब्यांची नावे वाचता येतात. मी त्याची नक्कल काढून शेजारी आजच्या गाड्यांचे थांबे लिहीत आहे आणि जिथे जुनी ओळ आहे आणि नवी नाही तिथे पेन्सिलीने खूण करत आहे. सोबत, त्या गावांपासून सर्वांत जवळची शाळा, दवाखाना आणि एसटीचा शेवटचा फेरा यांचीही नोंद करायचा प्रयत्न आहे. त्यासाठी आता त्या-त्या गावातल्या माणसांना पत्रे लिहावी लागत आहेत. पहिली सात गेल्या आठवड्यात टाकली.